संयुक्त छायाचित्र, तीन प्रती

मनीषनगर, नागपूर
१२ एप्रिल २०२५

श्रीमती पुष्पलता देवतळे यांस,

सप्रेम नमस्कार लिहावा की नुसता नमस्कार, या विचारात दोन कागद वाया गेले. तेव्हा नुसताच नमस्कार.

पत्र पाहून तुला नवल वाटेल. पण अकरा वर्षांपूर्वी तू माझा नंबर ब्लॉक केलास. वाढदिवसाला फोन करायचा आगाऊपणा मी केला होता, त्यामुळे तक्रार नाही. सक्करदऱ्याला स्कूटरने यायला पंचवीस मिनिटं लागतात, पण तुझ्या दारात उभं राहायची हिंमत माझ्यात नाही. उरलं पोस्ट खातं.

मी ३१ ऑक्टोबरला निवृत्त होतो आहे. बत्तीस वर्षं आस्थापना शाखेत बसून मी दुसऱ्यांच्या पेन्शनची प्रकरणं तयार केली. एकाच्या बायकोच्या नावात आद्याक्षर चुकलं म्हणून मी त्याला तीन चकरा मारायला लावल्या होत्या. आता माझं स्वतःचं प्रकरण माझ्याच टेबलावर आलं आहे आणि त्यात एक त्रुटी आहे. त्रुटी म्हणजे तू.

प्रकरणासोबत पती-पत्नीचं संयुक्त छायाचित्र लागतं, तीन प्रती, साहेबांच्या सहीने साक्षांकित. आपला घटस्फोट २००७ साली झाला, पण माझ्या सेवापुस्तकात कुटुंबाच्या पानावर अजून तुझंच नाव आहे. चुकून राहून गेलं. घरात शोधलं तर आपला रामटेकचा १९९६ सालचा फोटो सापडला. त्यात मला केस आहेत आणि तू हसते आहेस. या दोन्ही गोष्टी आज कोणी साक्षांकित करणार नाही.

तेव्हा विनंती अशी, की धरमपेठेत एक फोटो स्टुडिओ आहे, तिथे दहा मिनिटं यावं. एकमेकांशी बोलावं लागत नाही. कुठे बघायचं ते फोटोग्राफरच सांगतो.

यात तुझाही फायदा आहे. माझं शेवटचं मूळ वेतन ५८,६००. माझ्यामागे पत्नीला त्याच्या तीस टक्के, म्हणजे १७,५८० रुपये कुटुंब निवृत्तिवेतन दरमहा, वर महागाई भत्ता, तहहयात. खाजगी शाळेत तुला पेन्शन नाही हे मला माहीत आहे.

कळावे,
गोपाळ चिंचोळकर


सक्करदरा
२१ एप्रिल २०२५

श्री. गोपाळराव यांस,

कोर्टाने लग्न मोडलं, पण तोंडातलं 'तुम्ही' मोडायचं राहून गेलं. म्हणून तुम्हीच लिहिते.

अठरा वर्षांनी पत्र आलं आणि मी मूर्खासारखी चष्मा शोधायला धावले. वाटलं, माणूस पन्नाशी ओलांडल्यावर काहीतरी बोलेल. उघडलं तर तीन प्रती पाहिजेत.

शेजारी बळीरामजी राहतात, कोषागारातून निवृत्त झालेले. तुमचं नाव न सांगता त्यांना विचारलं, की घटस्फोट झालेल्या बाईला नवऱ्यामागे पेन्शन मिळतं का. ते म्हणाले, "बाई, घटस्फोट झाला म्हंजे तुमी त्याच्या कुटुंबात नाई. शून्य. आन् बायको दाखवून घेतलं तं वसुली होते, वरून केस." मी म्हणाले, माझ्यासाठी नाही, एका मैत्रिणीसाठी विचारते आहे. ते म्हणाले, मैत्रिणीले सांगा. त्यांच्या चेहऱ्यावरून मैत्रीण कोण ते त्यांना कळलं होतं.

हा नियम बळीरामजींना पाठ आहे, तर बत्तीस वर्षं तेच काम करणाऱ्या तुम्हाला माहीत नसेल असं मी समजू का? म्हणजे तुम्ही मेल्यावर मी दर महिन्याला खोटी विधवा बनून बँकेत जायचं, दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यायचा, आणि पकडली गेले तर तुम्ही वर सुरक्षित. फायदा छान काढलात.

फोटोला येणार नाही. माझं बरं चाललं आहे, शाळा आहे, मुलं आहेत.

एकच विचारते. तुमच्या हातून कधी कोणाच्या फाइलीतला स्वल्पविराम राहिला नाही. मग माझं नाव चुकून कसं राहिलं?

पुष्पलता देवतळे


मनीषनगर
२ मे २०२५

श्रीमती पुष्पलता यांस,

चुकून राहिलं नाही.

नियमही मला पाठ आहे. पहिल्या पत्रात मी तो पाठ नसल्यासारखं लिहिलं, कारण पेन्शनचं आमिष दाखवलं तर तू येशील असं वाटलं. तेरा वर्षं संसार करूनही मी तुला किती कमी ओळखतो याचा हा लेखी पुरावा समज.

कोर्टाचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी टिप्पणी लिहिली होती. विषय: पत्नीचे नाव कमी करणेबाबत. आमच्याकडे अशा कागदावर चार सह्या लागतात. चार सह्या म्हणजे चार टेबलं, आणि चार टेबलं म्हणजे अख्खं ऑफिस. म्हटलं, उद्या पाठवू. ती टिप्पणी अजून माझ्या खालच्या ड्रॉवरमध्ये आहे. वरच्या ड्रॉवरमध्ये मी डबा ठेवतो, त्यामुळे रोज आठवण होते.

मग कोणीतरी जेवताना विचारलं, वहिनी दिसत नाहीत. मी म्हटलं, यवतमाळला नोकरी लागली. दर दिवाळीला कोणी ना कोणी विचारायचं आणि दर दिवाळीला मी यवतमाळची थोडी माहिती पुरवायचो. तुला तिथे दोन खोल्या आणि एक चांगली घरमालकीण आहे.

पुढचं लिहायला लाज वाटते, पण आता लिहितोच. २०१४ साली आमच्या सुशीलने, तेव्हा तो नवाच लागला होता, विचारलं, "काका, काकू अजून साध्या शिक्षिकाच का?" तो 'साध्या' शब्द मला सहन झाला नाही. मी तिथल्या तिथे तुला मुख्याध्यापिका केलं. दुसऱ्या दिवशी एक किलो पेढे नेऊन वाटले. सगळ्यांनी अभिनंदन केलं. मी इतका फुललो होतो की घरी येऊन तुझा वाढदिवस नसतानाही तुला फोन करणार होतो. वाढदिवस आठ दिवसांवर होता म्हणून थांबलो, आणि तो फोन तू अर्ध्यात ठेवलास.

आता अडचण दुहेरी आहे. आमच्याकडे निवृत्तीला सपत्नीक सत्कार करतात. दोन खुर्च्या, शाल, श्रीफळ आणि पत्नीला साडी. या वर्गणीची यादी गेली वीस वर्षं मीच करतो, त्यामुळे ही प्रथा बंद करा असंही म्हणता येत नाही. नाव काढलं तर अठरा वर्षांचं खोटं उघडं पडतं. नाही काढलं तर खोटा कागद माझ्या सहीने पुढे जातो आणि त्यावर मी आयुष्यभर पेन्शन खातो. प्रकरण याच महिन्यात जायला हवं.

काय करू ते कळत नाही. तुला विचारण्याचा हक्क नाही हे कळतं.

गोपाळ


सक्करदरा
९ मे २०२५

श्री. गोपाळराव यांस,

मला पदोन्नती देताना पगारही वाढवला होता का? थकबाकी निघते का ते बघा.

आपल्या संसारात तुम्ही मला मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही, दारू प्यायला नाहीत. लोक विचारतात, मग मोडलं कशासाठी, आणि मला सांगता येत नाही. तुम्ही प्रत्येक गोष्ट प्रलंबित ठेवायचात. मूल नाही म्हणून डॉक्टरकडे जायचं ते पुढच्या महिन्यात. तुमच्या आईशी बोलायचं ते सणानंतर. मी भांडायला उभी राहिले तर भांडणसुद्धा पुढच्या तारखेवर. शेवटी एकच काम वेळेत झालं ते घटस्फोटाचं, कारण तो अर्ज मी भरला होता.

आता तुम्ही म्हणता, काय करू. ड्रॉवरमधली टिप्पणी काढा आणि पाठवा. त्यात 'घटस्फोट' हा शब्द आहे का तेही बघा. माझी खात्री आहे, नसेल.

ती टिप्पणी पाठवेपर्यंत मला पत्र लिहू नका.

पुष्पलता


मनीषनगर
४ ऑगस्ट २०२५

श्रीमती पुष्पलता यांस,

नव्हता. 'कौटुंबिक स्थितीत झालेल्या बदलास अनुसरून' असं लिहिलं होतं.

तुझं पत्र खिशात ठेवून मी मे आणि जून घालवले. उन्हाळ्याचं कारण दिलं, कूलरमुळे कागद उडतात असंही स्वतःला सांगितलं. जुलैच्या शेवटी साहेबांनी मला बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "चिंचोळकर, तुमचंच प्रकरण काहून अटकून राहिलं? तुमच्या प्रकरणात कोनती त्रुटी?" अख्खी शाखा हसली. मी जुनी टिप्पणी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी वाचली आणि म्हणाले, "स्थितीत बदल म्हंजे काय? वहिनी वारल्या का?"

पुष्पलता, त्या क्षणी मला एक सोपी वाट दिसली होती. हो म्हटलं असतं तर सगळे हळहळले असते, कोणी काही विचारलं नसतं. मी तुला मुख्याध्यापिका केलं, दोन खोल्या दिल्या, पण मारायला जीभ वळेना. मी म्हटलं, "घटस्फोट झाला. २००७ साली." अठरा वर्षांत हा शब्द मी पहिल्यांदा मोठ्याने उच्चारला. माझा आवाज एवढा चढला की बाहेरच्या बाकावर बसलेल्या दोन अभ्यागतांनी आत डोकावून पाहिलं.

सुशील संगणकात बघत राहिला. मग आमचा शिपाई देवाजी पाण्याचा ग्लास घेऊन आला आणि म्हणाला, "साहेब, आमाले मालूम आहे न. माही बहीन सक्करदऱ्यातच राह्यते. तिच्या नाती बाईंकडं शिकवनीले जातात."

मी विचारलं, केव्हापासून माहीत आहे? "दहाबारा साल झाले." म्हटलं, मग पेढे खाल्लेत ते? तो म्हणाला, "पेढे तं चांगले होते. तुमी खुश होऊन सांगून राहिले होते, मंग आमी काहून बोलाचं?"

म्हणजे सगळ्या शाखेला माहीत होतं. दर दिवाळीला ते मला यवतमाळची खुशाली विचारायचे ती माझ्यासाठी. मी इतकी वर्षं समजत होतो की मी यांना फसवतो आहे. फसवत कोणीच नव्हतं, सगळे मला सांभाळत होते. मी बाथरूममध्ये जाऊन दहा मिनिटं रडलो. आमच्या बाथरूमची कडी लागत नाही, त्यामुळे देवाजी बाहेर उभा होता.

उशिरा कळवल्याबद्दल मला कारणे दाखवा नोटीस मिळाली आहे. तिचा मसुदा साहेबांनी मलाच करायला सांगितला, कारण दुसऱ्या कोणाला तो येत नाही. उत्तरही मीच लिहिलं. कुटुंबाच्या पानावर आता 'निरंक' आहे, म्हणजे कोणीच नाही. एकट्याचा फोटो लावला.

तुझी शाळा सुटून अकरा वर्षं झाली हेही देवाजीकडूनच कळलं. मला तू "शाळा आहे, मुलं आहेत" असं लिहिलं होतंस. मी काही म्हणत नाही, खोटं बोलण्याबद्दल कोणाला काही म्हणण्याच्या लायकीचा मी उरलेलो नाही.

गोपाळ


मनीषनगर
३ नोव्हेंबर २०२५

श्रीमती पुष्पलता यांस,

ऑगस्टच्या पत्राला उत्तर आलं नाही. येणार नाही असं समजून हे शेवटचं लिहितो.

३१ तारखेला सत्कार झाला. एकच खुर्ची होती. साडी मात्र आली, कारण वर्गणीच्या यादीत ती एप्रिलमध्येच लिहिली होती आणि ती यादी मीच केली होती. मी म्हटलं, परत करा. सुशील म्हणाला, दुकानदार परत घेत नाही. देवाजी म्हणाला, "द्या मायाजवळ, मी पोचवून देतो." मी थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही. ती तुझ्या घरी आली असेल तर माफ कर आणि कोणाला तरी देऊन टाक.

आता कामाचं. घटस्फोटित पत्नीला पेन्शनमधून कायदेशीर काय मिळतं, याचा मी ऑगस्टपासून शोध घेतला. रोज एक तास, जेवणाच्या सुट्टीत. कुटुंब निवृत्तिवेतन नाही. उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, माझ्याच हातात पडलं. मृत्युपत्र करून काही ठेवावं तर तू घेणार नाहीस, कोर्टात तू पोटगीसुद्धा लिहून नाकारली होतीस. शेवटी एक फॉर्म सापडला. पेन्शनर ज्या तारखेला मरतो, त्या तारखेपर्यंतची त्या महिन्याची पेन्शन त्याच्या हातात पडलेली नसते. ती कोणाला द्यायची हे लिहून ठेवता येतं आणि तिथे कोणाचंही नाव चालतं. ती व्यक्ती कुटुंबातली असावी लागत नाही. कुटुंब निरंक असलं की हरकत घ्यायलाही कोणी नाही.

बत्तीस वर्षांच्या अनुभवाचं फळ म्हणून मी तुला हे देऊ शकतो: जास्तीत जास्त एका महिन्याची पेन्शन, तीही मी मेल्यावर. फॉर्म सोबत जोडला आहे. सगळं भरलं आहे, 'नामनिर्देशित व्यक्तीशी नाते' हा रकाना सोडून. तिथे काय लिहावं ते मला सुचलं नाही. मी तीनदा पेन उचलला. 'परिचित' लिहिणार होतो. नको असेल तर फाडून टाक.

खोटं नको म्हणून खरं सांगतो. तू फोटोला येशील असं वाटलं होतं ते पेन्शनसाठी नव्हतं. मला दहा मिनिटं तुझ्या शेजारी बसायचं होतं.

गोपाळ


सक्करदरा
११ नोव्हेंबर २०२५

श्री. गोपाळराव यांस,

उत्तर दिलं नाही, कारण उत्तरात मला एक कबुली द्यायची होती आणि ती मी प्रलंबित ठेवली. तुमचा गुण लागला म्हणा.

२०१४ च्या जूनमध्ये शाळेने आम्हां चौघींना काढलं. पटसंख्या कमी झाली म्हणाले. त्याच आठवड्यात देवाजींची बहीण भाजीवाल्यापाशी भेटली. म्हणाली, "बाई, तुमी यवतमाळले हेडमास्तरीन झाल्या म्हने? भावाच्या हापिसात पेढे वाटले." माझ्या हातात भेंडी होती. पर्समध्ये शाळेचं काढल्याचं पत्र होतं. मी म्हणाले, "हो."

ती म्हणाली, मंग इथं कशा? मी म्हणाले, सुट्टी आहे. ती सुट्टी अकरा वर्षं चालू आहे. ती बाई अजून मला हेडमास्तरीनबाई म्हणते आणि मी अजून वळून बघते.

तुमचा फोन मी अर्ध्यात ठेवला आणि नंबर बंद केला तो वाढदिवसामुळे नाही. जगात एकाच ठिकाणी मी मुख्याध्यापिका होते आणि ते ठिकाण तुमचं तोंड होतं, याचा मला संताप आला होता. आणि बरंही वाटलं होतं, त्याचा जास्त संताप आला. मे महिन्यात तुम्ही पेढ्यांचं लिहिलंत तेव्हा मी पहिल्यांदा ऐकल्यासारखं उत्तर दिलं. तेव्हा आपली बरोबरी झाली असं समजू.

साडी आली. देवाजी स्वतः घेऊन आले, चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली. साडी पोपटी आहे. पोपटी मला शोभत नाही हे तुमच्या ऑफिसला माहीत नव्हतं, पण यादी करणाऱ्याला माहीत असायला हवं होतं. ठेवून घेतली आहे.

काल धरमपेठेत त्या स्टुडिओत जाऊन आले. फॉर्मला माझा फोटो लागत नाही हे बळीरामजींनी सांगितलं होतं, तरी गेले. त्या मुलाने मला बाकाच्या एका टोकाला बसवलं आणि विचारलं, "काकू, अजून कोनी यायचं आहे का?" मी म्हणाले, नाही. तो म्हणाला, "मंग मधात बसा न." मी मधोमध बसले. फोटो बरा आला आहे. तीन प्रती काढल्या, एक सोबत पाठवते. दोन माझ्याजवळ राहतील.

फॉर्म सही करून परत पाठवते आहे. तुम्ही सोडलेला रकाना मी भरला. 'घटस्फोटित पत्नी' असं लिहिलं आहे, स्वच्छ अक्षरात, खाडाखोड नाही. परिचित तुम्ही कोणाला म्हणता ते मला माहीत नाही, पण परिचित बाईला कोणी रोज एक तास नियमांत शोधत नाही.

बळीरामजींनी हिशेबही समजावून दिला. तुम्ही पहिल्या तारखेला गेलात तर मला एक दिवसाचे पैसे मिळतील. तीस तारखेला गेलात तर तीस दिवसांचे. माझा हक्क एवढाच आहे आणि तो मी पूर्ण वसूल करणार आहे. तेव्हा नंबर बंदच राहील, पत्र लिहीत जा, सकाळी रक्तदाबाची गोळी घेत जा, आणि दर महिन्याला अखेरपर्यंत टिकून राहत जा.

पुष्पलता